गाडी दूरची, जोखीम घरची

नवी गाडी घेणे ही एके काळी केवळ धीराची परीक्षा होती. स्कूटरसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. १९८४ साली मारुतीची व्हॅन रस्त्यावर आली तेव्हाही पाळी येईपर्यंत थांबण्यापलीकडे ग्राहकाच्या हाती काही नव्हते. गाडी कोठून घ्यावी हा प्रश्न त्या काळी फारसा कोणाला पडत नसे. कधी मिळेल, एवढाच प्रश्न असे. आता उलटा प्रकार झाला आहे. गाड्या आहेत, विक्रेते आहेत आणि विक्रेत्यांत चुरसही आहे. जवळच्या विक्रेत्याकडे हवा तो प्रकार नसला किंवा त्याने भाव चढा सांगितला, तर चार शहरांत फोन लावायचे, बँकेमार्फत पैसे पाठवायचे आणि तीनशे किलोमीटरांवरून गाडी दारात मागवायची, हा व्यवहार तालुक्याच्या गावातील माणूसही सहज करू लागला आहे. छोट्या व्हॅनच्या बाबतीत तर तो विशेष दिसतो. भाजी, दूध, पाव, मांडवाचे सामान, शाळेची मुले असा जो कोणाचा व्यवसाय असेल त्याचा सारा डोलारा या एका गाडीवर उभा असतो. ही चैनीची वस्तू नव्हे. घरातील दागिने गहाण टाकून किंवा बँकेचे कर्ज काढून ती घेतलेली असते.

हा व्यवहार सोपा झाला हे चांगलेच झाले. परंतु विक्रेत्याचे दालन आणि ग्राहकाचे अंगण यांच्यामध्ये जो रस्ता आहे त्याचा विचार आपल्या कायद्यांनी नीट केलेला नाही. त्या रस्त्यावर गाडीचे काही बरेवाईट झाले तर ज्याने ती गाडी अद्याप डोळ्यांनी पाहिलेलीही नाही त्या माणसाला जबाबदार धरण्यात येते.

हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील ४२व्या नियमानुसार, तात्पुरती असो वा कायमची, नोंदणी झाल्याखेरीज विक्रेत्याने गाडी ग्राहकाच्या ताब्यात देता कामा नये. नियमामागील हेतू रास्त आहे. बेवारशी, बिनक्रमांकाची गाडी रस्त्यावर येऊ नये, हाच तो हेतू. गाडी दूर पाठवायची म्हणजे विक्रेता आपल्या गावच्या परिवहन कार्यालयातून तात्पुरती नोंदणी करून घेतो. ही नोंदणी अर्थातच ग्राहकाच्या नावाने होते, आणि विमाही ग्राहकाच्याच नावाने उतरविला जातो. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ज्याच्या नावे नोंदणी तो मालक. ही व्याख्या किती काटेकोरपणे लावायची हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले. गाडी पुढे हातोहात विकली गेली, पण नोंदणीतील नाव बदलले नाही, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतील मालकच जबाबदार, असा तो निर्णय आहे. अपघातग्रस्तांच्या दृष्टीने तो न्याय्यच होय. त्यांनी खऱ्या मालकाच्या शोधात कोठे हिंडावे? परंतु दूरवरून गाडी मागविणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की, विक्रेत्याने नेमलेल्या चालकाने वाटेत कोणाला उडविले तर नोटीस येणार ती ग्राहकाच्या पत्त्यावर. त्या चालकाकडे योग्य परवाना नसल्याचे निष्पन्न झाले, तर विमा कंपनीच्या वसुलीचा तगादाही त्याच पत्त्यावर येऊ शकतो. चालक कोण, तो किती तास झोपला होता, याची ग्राहकाला गंधवार्ताही नसते.

खुद्द गाडीच्या नुकसानीची गोष्ट निराळी नाही. मालविक्रीचा आपला कायदा १९३० सालचा आहे. वेगळा करार नसेल तर मालाची मालकी ज्याच्याकडे गेली त्याच्याकडे जोखीमही गेली, असे त्याचे २६वे कलम सांगते. माल वाहतूकदाराच्या हवाली केला म्हणजे तो ग्राहकाला पोचता केला असे सकृद्दर्शनी मानावे, असे ३९वे कलम म्हणते. धान्याची पोती आणि कापसाचे गठ्ठे आगगाडीने पाठविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या काळात हे ठीक होते. दोन्ही बाजूंना व्यापारीच असत आणि करारात काय लिहावे हे दोघांनाही कळे. व्हॅन घेणारा बेकरीवाला विक्रेत्याच्या छापील फॉर्मवर सही करतो, एवढाच त्याचा करार. वाटेत घाटात दरवाजा घासला गेला तर दुरुस्ती त्याच्या विम्यातून होते, पहिल्याच वर्षी त्याची सवलत बुडते आणि नव्या गाडीला रंगाचा दुसरा हात बसतो तो वेगळाच. कित्येकदा ‘गाडी सुस्थितीत मिळाली’ या कागदावरची सही गाडी निघण्यापूर्वीच कागदपत्रांच्या गठ्ठ्यात घेऊन ठेवलेली असते. माल तपासून पाहण्याचा जो हक्क त्याच १९३० सालच्या कायद्याच्या ४१व्या कलमाने ग्राहकाला दिला आहे, तो या एका सहीने वाऱ्यावर जातो.

दोष उत्पादकाच्या माथी मारून सुटता येईल, असे ज्यांना वाटत असेल त्यांनी २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढलेले गोव्यातील एक प्रकरण आठवावे. ग्राहकाने २०११ सालच्या गाडीचे पैसे मोजले होते आणि त्याच्यासमोर उभी करण्यात आली ती २००९ सालची, आधीच चाललेली गाडी. उत्पादक आणि विक्रेता यांचे नाते दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांचे असल्याने, या फसवणुकीची माहिती उत्पादकाला होती असे सिद्ध झाल्याखेरीज त्याला जबाबदार धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. म्हणजे नामवंत कंपनीचे बोधचिन्ह पाहून निर्धास्त होणाऱ्याला प्रत्यक्षात विश्वास टाकावा लागतो तो शेकडो किलोमीटरांवरच्या अनोळखी विक्रेत्यावरच. चासीच्या क्रमांकात निर्मितीचा महिना व वर्ष सांकेतिक अक्षरांनी नोंदलेले असते. पैसे पाठविण्यापूर्वी तो क्रमांक मागवून घेणारे ग्राहक मात्र विरळाच.

येथवरची कहाणी एकाच राज्यातील व्यवहाराची. मध्ये राज्याची सीमा आली म्हणजे गुंता अधिकच वाढतो, आणि मग अंतर किलोमीटरांत मोजण्याला काही अर्थ उरत नाही. चंदगड तालुक्यातील काजूचा छोटा कारखानदार घ्या. त्याची स्वाभाविक बाजारपेठ बेळगाव. ते त्याला कोल्हापूरपेक्षा कितीतरी जवळ. मात्र त्याने कोल्हापूरहून गाडी घेतली तर, २०१९ साली दुरुस्त झालेल्या ४१व्या कलमानुसार, नोंदणीचा अर्ज विक्रेत्यानेच करायचा असतो. अधिकृत विक्रेत्याने विकलेली गाडी पहिल्या नोंदणीसाठी कार्यालयात हजर करण्याचीही गरज नाही, असे ४४वे कलम सांगते. तीच गाडी बेळगावहून घेतली तर ४१व्या कलमाची ही सोय लागू होत नाही, कारण विक्रेता आणि नोंदणी एकाच राज्यात असल्यासच ती आहे. कर्नाटकची तात्पुरती नोंदणी घ्यायची, गाडी घरी आणायची आणि मग ‘पासिंग’साठी स्वतः कार्यालयाच्या पायऱ्या चढायच्या. कायद्याच्या लेखी जवळचे बेळगाव दूरचे ठरते. गोदावरी किंवा प्राणहिता ओलांडली की तेलंगणात पोचणारा सिरोंच्याचा माणूस, किंवा गोव्याच्या वेशीवरचा दोडामार्गचा माणूस, यांचीही तीच गत. सिरोंच्याच्या माणसाला तर जिल्ह्याचे ठिकाण गाठायलाच दोनशे किलोमीटरांच्या आसपास जावे लागते.

कराची भानगड याहून नाजूक आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकराचा दर जेथे कमी तेथून गाडी आणण्याचा जुना उद्योग बंद पडला. मुंबईचे जकात नाकेही त्याच वर्षी उठले. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरील कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवरील या कराची वजावट मिळू शकते. पण चंदगडच्या कारखानदाराला बेळगावच्या विक्रेत्याने केंद्राचा व कर्नाटकचा असे दोन निम्मेनिम्मे कर लावून बिल दिले, तर महाराष्ट्रात त्याला वजावट मिळत नाही. बिलावर एकात्मिक कर असेल तर मिळते. सहा लाखांच्या गाडीवर हा कर होतो एक लाख आठ हजार रुपये. बिलातील एका ओळीवर एवढी रक्कम अवलंबून असते आणि बहुधा ती ओळ वाचली जाते ती वर्षअखेरीस, हिशेबनिसाच्या टेबलावर.

राज्यांची भीती समजण्यासारखी आहे. वाहनकर हा राज्यांच्या हाती उरलेल्या थोड्या करांपैकी एक. पुदुच्चेरीत कर कमी म्हणून तेथील पत्ता दाखवून महागड्या मोटारींची नोंदणी करण्याचे प्रकार उघडकीस आले तेव्हा शेजारच्या राज्यांनी आरडाओरडा केला तो उगाच नव्हे. परंतु चंदगडच्या माणसाला कर्नाटकात कर भरायचा नाहीच. त्याला महाराष्ट्राचा कर महाराष्ट्रालाच द्यायचा आहे, फक्त तो बेळगावच्या विक्रेत्याच्या टेबलावरून भरू द्यावा, एवढीच मागणी आहे. नोंदणी आणि करभरणा यांची संगणकीय व्यवस्था देशभर एक झालेली असताना ही गोष्ट अशक्य मानण्याचे कारण नाही. सरकारच्या मनात आले म्हणजे काय होऊ शकते हे २०२१ सालच्या ‘बीएच’ मालिकेने दाखवून दिले आहे. ज्यांची बदली एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होते अशा सरकारी नोकरांसाठी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांसाठी ही सोय झाली. त्यांच्या खासगी मोटारींचा कर दोनदोन वर्षांच्या हप्त्यांनी घेण्याचेही ठरले. जी सवड नोकरदाराच्या मोटारीसाठी काढता आली, ती पोटापाण्याच्या व्हॅनसाठी काढण्याचे मात्र कोणाला सुचलेले नाही.

विक्रेत्यांचे म्हणणे असे की, वाटेची जोखीम आमच्यावर टाकली तर आम्हाला किंमत वाढवावी लागेल. वाढवावी. निदान ती बिलावर दिसेल आणि ग्राहकाला दोन विक्रेत्यांची तुलना करता येईल. ‘हाताळणी’ या मोघम शब्दाखाली आजही पैसे घेतले जातातच. शिवाय हीच गाडी कारखान्यातून विक्रेत्याच्या दारी येताना कित्येकदा हजार-दीड हजार किलोमीटर आलेली असते. पूर्वी नुसत्या चासीवर फळकुट ठोकून, तोंडाला फडके गुंडाळलेले चालक महामार्गाने त्या आणत. आता मोटारींचे लांबलचक कंटेनर येतात, रेल्वेच्या खास डब्यांतूनही वाहतूक होते. त्या प्रवासाची जोखीम आणि विमा व्यापारी आपापसांत ठरवून घेतात. साखळीतल्या अखेरच्या तीनशे किलोमीटरांसाठीच तेवढी ही व्यवस्था का मोडावी, याचे उत्तर विक्रेत्यांकडे नाही.

तेव्हा दुरुस्ती कोठे हवी हे स्पष्ट आहे. गाडी ठरलेल्या ठिकाणी पोचून ग्राहकाने ती तपासून पोच देईपर्यंत जोखीम विक्रेत्याची, हे नियमातच लिहिले पाहिजे. गाडी ग्राहकाच्या जागेपर्यंत पोचविण्यासाठी विक्रेत्याच्या व्यवसाय-प्रमाणपत्राचा उपयोग व्हावा, ही कल्पना १९८९च्या मूळ नियमांना परकी नव्हती. त्या प्रमाणपत्रावर आणि विक्रेत्याच्याच विम्यावर गाडी दारात यावी आणि मालकी तेथे बदलावी. ४१व्या कलमातील राज्याची अट काढण्यासाठी मात्र संसदेलाच हात घालावा लागेल.

तोपर्यंत ग्राहकाने आपले हित आपणच पाहावे हे ओघानेच आले. मागणीपत्रावर गाडी पोचविण्याचे ठिकाण, तारीख, मीटरवरचे आकडे आणि वाटेची जोखीम कोणाची हे शाईने लिहून घ्यावे, काही रक्कम गाडी दारात येईपर्यंत हातची ठेवावी. कर्जाच्या व्यवहारात हे कठीण जाते, कारण बँक सारी रक्कम एकदम विक्रेत्याला देऊन मोकळी होते. हा परिपाठ बदलणे बँकांच्या हाती आहे. वाद झालाच तर दूरच्या शहरात खेटे घालण्याचे आता कारण नाही. २० जुलै २०२० पासून अंमलात आलेल्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडे दाद मागण्याची मुभा दिली आहे. स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली व्हॅनही त्या संरक्षणात येते. मात्र चारपाच गाड्यांचा धंदा असलेल्याला आयोगाच्या दारातच ‘तुम्ही ग्राहक आहात काय’ असा प्रश्न विचारला जाईल, हे त्याने ध्यानात ठेवावे.

एवढे सगळे निभावून चंदगडच्या माणसाने कायमचा क्रमांक मिळविला तरी त्याचे काम संपत नाही. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना अतिसुरक्षित क्रमांकपट्टी बसवून देण्याची जबाबदारी उत्पादक आणि विक्रेता यांच्यावर आहे. विक्रेता आहे बेळगावात आणि क्रमांक पडला आहे महाराष्ट्राचा. ती पट्टी कोणी मागवायची, कोठे बसवायची आणि तोवर गाडी रस्त्यावर काढायची की नाही, या प्रश्नांसाठी त्याला पुन्हा एकदा राज्याची सीमा ओलांडावी लागते.