लांडगा नक्की कुठे उभा होता?

मागच्या शनिवारी एक उद्योग केला. माझ्या लॅपटॉपवर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चा एक मुक्त स्रोत सर्व्हर टाकलेला आहे, फक्त स्वतःपुरता. त्याच्या डेटाबेसमधलं 'क्रिएचर' नावाचं टेबल रिकामं केलं आणि गेममध्ये शिरलो. (बॅकअप घेतला होता, काळजी नसावी :-))

स्टॉर्मविंड शहर जागच्या जागी होतं. कमानी, कालवे, मागे वाजणारं संगीत, सगळं तसंच. पण वेशीवर पहारेकरी नाही, दुकानात दुकानदार नाही. बाहेर एल्विनच्या जंगलात एक ससासुद्धा नाही. पाच मिनिटं फिरलो आणि खरं सांगतो, जरा भीतीच वाटली. कोड सगळा व्यवस्थित चालत होता. मेलं होतं ते फक्त एक टेबल.

तर आजचा मुद्दा हाच. असले हौशी सर्व्हर कोण बनवतं असं विचारलं, की आपण इंजिनियर मंडळी लगेच कोड लिहिणाऱ्यांकडे बोट दाखवतो. माझं मत असं, की त्यातलं जग उभं करतात ते माहिती भरणारे लोक, आणि त्यांना आपण कारकून समजतो हे चूक आहे.

थोडं तांत्रिक सांगतो. गेम २००४ च्या नोव्हेंबरात आला. खेळणाऱ्याच्या मशीनवर नकाशे, इमारती, आवाज, चित्रं असतात. पण कुठला लांडगा कुठे उभा आहे, मारल्यावर किती वेळाने परत येतो, त्याच्याकडे काय सापडतं, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर. २००५ मध्ये 'मँगोस' हा प्रकल्प सुरू झाला आणि २००८ मध्ये त्यातून 'ट्रिनिटीकोर' फुटून निघाला. या लोकांनी सर्व्हरचं इंजिन नव्याने लिहिलं. पण इंजिन म्हणजे रिकामं घर. त्यात बिऱ्हाड कोणी मांडायचं?

ते मांडलं शेकडो हौशी लोकांनी. कोणी खऱ्या सर्व्हरवर खेळताना येणारी पॅकेट्स नोंदवून ठेवली. कोणी आपल्या मशीनवर साठलेल्या कॅश फायली पाठवल्या, कारण त्यात पात्रांची नावं आणि क्वेस्टचे मजकूर उतरलेले असायचे. कोणी जुने व्हिडिओ थांबवत थांबवत बघितले.

हे एकट्याने का होत नाही? साधं गणित बघा. समजा एखादी वस्तू १०० पैकी २ वेळा मिळते. तुम्ही ५० लांडगे मारलेत, तरी ती एकदाही न दिसण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. म्हणजे तुम्ही प्रामाणिकपणे 'मिळत नाही' असं लिहिणार, आणि ते चूक असणार. २०० मारलेत की ही शक्यता २ टक्क्यांच्याही खाली येते. आता हजारो प्राणी आणि प्रत्येकाकडे डझनभर वस्तू! एक माणूस जन्मभर लांडगेच मारत बसेल. दहाजणांनी आपापले आकडे एकत्र केले तरच काही हाती लागतं.

बरं, नुसते आकडे गोळा करूनही भागत नाही. एकच लांडगा फिरतोय आणि पाच जणांनी तो पाच ठिकाणी पाहिला, तर यादीत पाच लांडगे चढतात. मग कोणीतरी बसून ठरवायचं, की हे पाच नाहीत, एकच आहे, आणि हा त्याचा फिरायचा रस्ता. शिवाय कुठल्या आवृत्तीचा लांडगा? २००४ चा की २००६ च्या १.१२ चा? या कामात कसलंही ग्लॅमर नाही, पण ते चुकलं तर सगळंच चुकलं.

माझीच गोष्ट सांगतो. शाळेत असताना मी हा गेम खेळलो तो एका फुकट सर्व्हरवर. अधिकृत गेमचे महिन्याला १५ डॉलर होते, घरी मागायची सोयच नव्हती. मोठा झाल्यावर वाटलं, आता आपणही हातभार लावू. एल्विनमधल्या एका खाणीच्या तोंडाशी कोबोल्डांचा मोठा घोळका असायचा, मला स्वच्छ आठवत होतं. दुरुस्ती करून पाठवली. तपासणाऱ्याने एकच विचारलं, पुरावा? मी म्हटलं, अहो मी शेकडो वेळा मेलोय तिथे! तो म्हणाला, आठवण हा पुरावा नाही. चिडून जुने व्हिडिओ शोधले. २००५ च्या एका व्हिडिओत माझ्या आठवणीच्या निम्मेही कोबोल्ड नव्हते.

माझी आठवण खोटी नव्हती. मी ज्या सर्व्हरवर खेळलो, तिथे कोणीतरी अंदाजाने घोळका मांडला होता आणि मी तोच खरा मानून मोठा झालो होतो. म्हणजे एकाचा अंदाज दुसऱ्याचं बालपण होऊन बसतो. तेव्हापासून पुरावा मागणाऱ्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आता दुसरी बाजू. हे सगळं कायदेशीर आहे का? बहुतेक वेळा नाही, आणि ते मान्य केलं पाहिजे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने अशाच एका सर्व्हरच्या चालकावर साडेआठ कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल दिला. तिथे पैसे घेऊन गेममधल्या वस्तू विकल्या जात होत्या. मला त्याचं अजिबात वाईट वाटत नाही. लोकांनी फुकट भरलेल्या जगावर दुकान थाटायचं, हा दुहेरी अन्याय आहे. वर इंजिनाचा परवाना जीपीएल असला, तरी सर्व्हर स्वतःच्या मशीनवर चालवणाऱ्याला आपल्या दुरुस्त्या परत द्याव्या लागत नाहीत, कारण तो प्रोग्रॅम कोणाला वाटतच नाही. त्यामुळे कित्येक सर्व्हरांनी सगळ्यांच्या यादीवरून सुरुवात केली आणि आपल्या सुधारणा मात्र तिजोरीत ठेवल्या. हे नियमात बसतं, पण पंगतीत जेवून घरी पातेलं न्यायचा प्रकार आहे हा.

पण हे काम निरर्थक होतं असंही नाही. २०१३ च्या ब्लिझकॉनमध्ये जुना गेम परत आणणार का, असं एकाने विचारलं. तेव्हा जे. अ‍ॅलन ब्रॅक यांनी त्याला सांगितलं, की तुला तो हवाय असं वाटतं, पण खरं तर तो नकोय. पुढे नोस्टॅलरियस हा हौशी सर्व्हर २०१५ मध्ये आला, प्रचंड चालला आणि कायदेशीर नोटिशीमुळे एप्रिल २०१६ मध्ये बंद झाला. लाखो लोकांनी सह्या केल्या. २०१७ मध्ये त्याच ब्रॅकनी व्यासपीठावरून 'क्लासिक'ची घोषणा केली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये तो आला. कंपनीने तो बांधला कसा? नव्या कोडवर १.१२ चा जुना डेटा बसवून! म्हणजे त्यांच्या लेखीसुद्धा जुना गेम म्हणजे ते टेबलच.

आणि जिथे कंपनीच दुकान बंद करते तिथे? 'अ‍ॅशरन्स कॉल' हा १९९९ चा गेम ३१ जानेवारी २०१७ ला बंद झाला. बंद होण्याआधीच्या आठवड्यांत खेळाडूंनी जमेल तेवढी पॅकेट्स नोंदवून ठेवली आणि पुढे त्यावरून ते जग पुन्हा भरलं. घर पाडायच्या आधी कुठलं कपाट कुठे होतं हे लिहून ठेवावं, तसं. सर्व्हर बंद झाल्यावर ही माहिती कुठूनही मिळाली नसती. 'सिटी ऑफ हीरोज' २०१२ मध्ये बंद झाला. त्याचा 'होमकमिंग' हा हौशी सर्व्हर चालवणाऱ्यांना कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये रीतसर परवाना दिला. म्हणजे इच्छा असली तर मार्ग निघतो.

म्हणून माझं म्हणणं तीन वाक्यांत. माहिती भरणाऱ्याचं नाव कोड लिहिणाऱ्याच्या शेजारी लागलं पाहिजे. दुरुस्ती केलीत तर ती सगळ्यांना परत द्या, आणि त्यावर पैसे कमवू नका. आणि आठवणीवर लिहू नका, पुरावा जोडा.

असो. रविवारी सकाळी बॅकअपमधून टेबल परत भरलं. खाणीपाशी गेलो, तर तिथे मोजकेच कोबोल्ड उभे. हेच बरोबर आहे हे माहीत असूनही जरा चुकल्यासारखं वाटलं. पण ते तसेच राहू दिले.