नाव कापलेली गोळी

कापूस वेचणीच्या दिवसांत शेजारच्या काकूंनी आपली औषधं माझ्यापुढे ओतली. कात्रीने कापलेल्या चार गोळ्या आणि अर्धी पिळलेली ट्यूब. पट्टीच्या तुकड्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलेली. मेडिकलात जाऊन त्या एवढंच बोलल्या होत्या, “भाऊ, खाजीची गोयी देजा, अन् एक ट्यूब.” डॉक्टरांना दाखवलं तेव्हा उलगडा झाला. गोळी डेक्सामेथासोनची, ट्यूब क्लोबेटासॉलची. बाहेरून स्टिरॉइड, आतून स्टिरॉइड, आणि काकूंना आधीच शुगर!

मलम आणि गोळी सोबत घेण्यात मुळात वावगं काही नाही. सेटिरिझिनची गोळी घेतली आणि वरून साधं कॅलामाइन लावलं, तर बहुतेकांना बाधत नाही. घात होतो तो एकच किंवा एकाच जातीचं औषध दोन वाटांनी अंगात गेल्यावर. काही कॅलामाइन लोशनांत डायफेनहायड्रामाइन असतं, आणि खोकल्याच्या काही सिरपांतही तेच. कांजिण्या आलेल्या लेकराला असं लोशन अंगभर चोपडून वरून तेच औषध पाजल्यावर मूल भ्रमात गेल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. अमेरिकेत या औषधाच्या बाटलीवर स्पष्ट छापतात की, हेच औषध असलेलं दुसरं काहीही वापरू नका, त्वचेवर लावायचंसुद्धा नाही. आपल्याकडे इशारा वाचणं राहू द्या, नावच कात्रीखाली जातं.

स्टिरॉइडचं तर विचारूच नका. नायट्यावर ते लावलं की लाली उतरते, खाज थांबते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र खालून पसरत जाते. जांघेतली कातडी पातळ होते, तिथे पडलेले चरे जन्मभर जात नाहीत. सोबत गोळी असेल तर साखर चढते. गोळी महिनोन्महिने चालली असेल तर ती एकदम बंद करणंही धोक्याचं. 2018 साली केंद्र सरकारने 14 स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विक्री बंद. घाटंजीपासून उमरखेडपर्यंत कुठल्याही बाजाराच्या दिवशी काउंटरपाशी दहा मिनिटं उभे राहा आणि किती जणांकडे चिठ्ठी मागितली जाते ते मोजा.

आमच्याकडे खाजेला कारणांची कमी नाही. धुऱ्यावर गाजरगवत, अंगावर उडालेला कीटकनाशकाचा फवारा, भाव चढेल म्हणून झोपायच्या खोलीत रचलेला कापूस. 2017 मध्ये फवारणीच्या विषबाधेने आमच्या यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर शेतकरी-शेतमजूर दगावले. म्हणून सांगतो, फवारणीनंतर खाजेसोबत दरदरून घाम, लाळ, उलटी सुरू झाली, डोळ्यांपुढे धूसर झालं, तर खाजेची गोळी शोधत बसू नका. कपडे बदला, अंग धुवा आणि तडक सरकारी दवाखाना गाठा.

कायदा मोडणाऱ्या दुकानदाराला गिऱ्हाईक अडाणी होतं ही सबब चालणार नाही. परवाना त्याचा आहे, फार्मसीची पदवी भिंतीवर लावलेली आहे. आणि त्या भिंतीकडे वर्षानुवर्षं न फिरकणारा औषध निरीक्षकही तितकाच दोषी आहे.

तुम्ही मात्र पुढच्या वेळी कापलेला तुकडा परत करा. नाव असलेली पट्टी मागा, बिल मागा, घरात चालू असलेली प्रत्येक गोळी आणि ट्यूब पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. काकूंची शुगर अजून ताळ्यावर आलेली नाही.