नवख्याला उंबरठा नव्हे, पायरी हवी

रोह्यानजीकच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आहेत. परिसरातील कित्येक तरुण रसायन अभियांत्रिकी शिकून या वसाहतीकडे आशेने पाहतात. ऊर्ध्वपातनाचा मनोरा कसा चालेल, याचा सराव आज संगणकावर करता येतो. परंतु उद्योगांत रूढ असलेल्या परदेशी प्रणालींचे परवाने सामान्य कुटुंबाला परवडत नाहीत. मग मुलगा सराव तरी सोडतो किंवा चोरीची प्रत तरी वापरतो. दुर्दैव असे की, ही चोरी आपल्याला चोरी वाटेनाशी झाली आहे.

वस्तुतः याला पर्याय आहे. ‘डीडब्ल्यूसिम’ ही मुक्तस्रोत प्रणाली हेच काम विनामूल्य करते आणि मुंबई आयआयटीचा ‘फॉसी’ प्रकल्प तिचा प्रसार करतो. मग ती घरोघरी का पोहोचली नाही?

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त प्रणालींचा संकल्प सोडला. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा रचला. ही चळवळ जाणत्यांनी उभारली आणि दीर्घकाळ ती जाणत्यांचीच राहिली. नवख्याने शंका विचारावी, तर ‘आधी पुस्तिका वाच’ असे उत्तर मिळते. पुस्तिका इंग्रजीत, तीही ज्याला सारे ठाऊक आहे त्याच्यासाठी लिहिलेली! एकदा अवमानित झालेला विद्यार्थी पुन्हा त्या वाटेला जात नाही.

स्वयंसेवकांचीही बाजू आहे. पोटापाण्याचा उद्योग सांभाळून, मोबदल्याविना ते राबतात. तोच प्रश्न शंभरदा ऐकून कंटाळणे स्वाभाविक आहे. पण म्हणूनच उत्तर एकदाच, परंतु नीट लिहून ठेवणे श्रेयस्कर नव्हे काय?

आयआयटीच्याच रसायन अभियांत्रिकी विभागातील प्रा. कन्नन मौद्गल्य यांनी उभारलेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने हे करून दाखविले आहे. सुमारे दहा मिनिटांचा ध्वनिचित्र पाठ, मराठीसह अनेक भारतीय भाषांत. एकीकडे पाठ पाहायचा, दुसरीकडे तीच कृती करायची. यातील मर्म निराळेच आहे. ध्वनिमुद्रणापूर्वी पाठाची संहिता एखाद्या नवख्याकडून तपासून घेतली जाते. तो जिथे अडखळतो, तिथे दुरुस्ती होते. म्हणजे दोष शिकणाऱ्याचा नव्हे, शिकवणीचा मानला जातो. केवढी ही नम्रता!

आम्हा भाषाभिमान्यांनाही एक पथ्य पाळावे लागेल. ‘जतन करा’ हे कुणालाही कळते. पण कोशात शोधावा लागणारा प्रतिशब्द पडद्यावर आणला, तर इंग्रजीची भिंत पाडून संस्कृतची उभारल्यासारखे होईल.

भजनी मंडळात नव्या माणसाला कुणी रागज्ञान विचारत नाही. हाती टाळ देतात, ताल मागाहून येतो. मुक्तस्रोताचा टाळ असा हाती देणारी माणसे गावोगावी हवीत. त्यासाठी संगणकतज्ज्ञ असण्याची गरज नाही. मराठी उत्तम येणारा शिक्षक एक पाठ सुबोध करू शकतो, एखादा महाविद्यालयीन तरुण शेजारच्या मुलाजवळ तासभर बसू शकतो. धाटावच्या वाटेवरील मुलाला फुकट प्रणालीहून अधिक गरज आहे ती न हसता उत्तर देणाऱ्या माणसाची.