विश्लेषण : पोलीस ठाण्यातून निघताना हातात कोणता कागद आहे?

विहिरीवरची वायर कापून नेली, धुऱ्यावरून मारहाण झाली, बाजारातून मोटारसायकल गेली. माणूस ठाण्यात जातो, तक्रार देतो आणि ‘गुन्हा दाखल झाला’ असे समजून घरी येतो. पण काही महिन्यांनी विमा कंपनी किंवा वकील कागद मागतो, तेव्हा कळते की तो एफआयआर नव्हताच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनंतर (बीएनएसएस) या कागदांमधला फरक आणखी महत्त्वाचा झाला आहे. गावखेड्यातली माणसे पोलिसांना नेहमी विचारतात त्या प्रश्नांची ही उत्तरे.

अर्ज, एनसी आणि एफआयआर यांत फरक काय?

वाशिम-पुसद रस्त्यावरच्या अनसिंगला स्वतःचे पोलीस ठाणे असल्याने आसपासच्या खेड्यांतल्या माणसाला तक्रारीसाठी वाशिम गाठावे लागत नाही. ठाणे जवळ असले तरी तिथे दिलेल्या तक्रारीला तीन वेगवेगळ्या वाटा असतात.

पहिली वाट साध्या अर्जाची. अर्ज आवक नोंदवहीत चढतो, दुसऱ्या प्रतीवर शिक्का मिळतो आणि चौकशीसाठी बीट जमादाराकडे जातो. हा शिक्का म्हणजे फक्त पोच. त्याने गुन्हा नोंदला जात नाही.

दुसरी वाट एनसीची, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. ती कलम १७४ खाली होते. यात ठाण्याने माहिती नोंदवायची आणि तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगायचे. न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलिसांना अशा प्रकरणाचा तपासच करता येत नाही. ‘एनसी दिली, पण पोलीस फिरकलेच नाहीत’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बऱ्याचदा कायद्यातच असते, पोलिसांच्या आळसात नाही. पण ठाण्यात हे कुणी समजावून सांगत नाही आणि माणूस वाट पाहत बसतो.

तिसरी वाट एफआयआरची. गुन्हा दखलपात्र असेल तर कलम १७३ खाली तो नोंदवावा लागतो, त्याला गुन्हा क्रमांक आणि वर्ष मिळते, कलमे लिहिली जातात. फिर्याद लिहून झाल्यावर ती वाचून दाखवायची, फिर्यादीची सही घ्यायची आणि प्रत मोफत द्यायची, असे कायदा सांगतो. ही प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला मिळते. प्रतीवर गुन्हा क्रमांक आणि कलमे आहेत का, एवढे दारातच पाहून घेतले तरी पुढचे बरेच हेलपाटे वाचतात.

पाच हजारांच्या आतली चोरी : एफआयआर की एनसी?

शेतकऱ्याला सगळ्यात जास्त जाचणारा बदल हाच आहे आणि त्याची चर्चा सगळ्यात कमी झाली.

जुन्या भारतीय दंड संहितेत चोरी ही चोरीच होती. माल शंभराचा असो की लाखाचा, गुन्हा दखलपात्र. भारतीय न्याय संहितेच्या (बीएनएस) कलम ३०३ मध्ये मात्र एक नवी तरतूद आली. माल पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीचा असेल, चोर पहिल्यांदाच दोषी ठरत असेल आणि त्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर तुरुंगाऐवजी सामुदायिक सेवेची शिक्षा. पहिल्यांदा चुकलेल्या पोराला तुरुंगात धाडू नये, हा हेतू चांगलाच आहे. अडचण बीएनएसएसच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथे ही पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र आणि जामीनपात्र ठरवली आहे.

पाच हजारांच्या आत काय काय येते? विहिरीवरच्या मोटारीची तुकडाभर केबल, फवारणीचा जुना पंप, स्टार्टर, तुषार सिंचनाचे दोन-चार पाइप, सोयाबीनचे एखादे कट्टे, साधा मोबाइल. शेतकऱ्याचे नुकसान वस्तूच्या किमतीवर थांबत नाही. केबल गेली तर चार दिवस ओलित थांबते आणि हरभरा सुकतो. पण कायदा मोजतो तो चोरीला गेलेला माल, सुकलेले पीक नाही.

इथे एक साधा तर्काचा प्रश्न आहे. तक्रार देण्याच्या दिवशी चोर कोण ते माहीत नसते. तो पहिल्यांदा दोषी ठरणार आहे की सराईत आहे, माल परत करणार की नाही, यातले काहीच ठाणे अंमलदाराला ठाऊक नसते. शिक्षेतली सवलत या अटी पूर्ण झाल्यावरची आहे. मग पहिल्याच दिवशी केवळ किंमत पाहून एनसी करणे हा अनुसूचीचा फार ताणलेला अर्थ होतो. कायदा करणाऱ्यांनी शिक्षेचा विचार केला, नोंदीचा केला नाही, असेच म्हणावे लागते. हा घोळ मिटेपर्यंत तक्रारदाराने स्वतःच काही गोष्टी सांभाळायला हव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे किमतीचा पुरावा. दुकानाची पावती, वस्तूचा फोटो, किती मीटर वायर गेली याचे माप हे सोबत असू द्यावे. ‘अंदाजे’ लिहिलेली किंमत पुढे तशीच चिकटून राहते. एकाच रात्री शेजारच्या शेतातही चोरी झाली असेल तर तेही फिर्यादीत लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट म्हणजे वस्तू कुठून गेली. राहत्या घरातून किंवा माल ठेवण्याच्या इमारतीतून चोरी झाली तर कलम ३०५ लागते. त्यात सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि पाच हजारांची सवलत नाही. वाहनाच्या चोरीलाही हेच कलम आहे. म्हणजे पंप उघड्या बांधावरून गेला की कुलूपबंद गोठ्या-गोदामातून, यावर सगळे प्रकरण फिरू शकते. फिर्यादीत ‘शेतातून’ एवढाच शब्द लिहू नये.

तिसरी गोष्ट फारशी कुणी पाहत नाही. चोरीच्या इराद्याने दुसऱ्याच्या शेतात शिरणे हे कलम ३२९ खाली गुन्हेगारी अतिक्रमण ठरते आणि ते दखलपात्र आहे. एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल, तर सगळे प्रकरण दखलपात्र समजायचे, असे कलम १७४ मध्येच लिहिले आहे. ठाणेदाराशी बोलताना हा मुद्दा शांतपणे मांडता येतो.

मार खाल्ला तरी एनसीच का?

धुऱ्यावरून भांडण होते, शिवीगाळ होते, थापड-बुक्क्या होतात. साधी दुखापत आणि शिवीगाळ अदखलपात्र आहे, म्हणून एनसी होते. हाड मोडले किंवा धारदार हत्यार वापरले की प्रकरण दखलपात्र होते. त्यामुळे इथे डॉक्टरांचा कागद निर्णायक. ठाण्यातून वैद्यकीय तपासणीचे पत्र घेऊन त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायला हवे. दोन दिवसांनी सूज वाढल्यावर एक्स-रे काढला आणि हाड मोडलेले निघाले तर तो अहवाल ठाण्यात देऊन कलम वाढवून मागता येते.

अशा वादात पोलीस बरेचदा दोन्ही बाजूंवर ‘चॅप्टर केस’ करतात आणि दोघांनाही तहसीलदारांपुढे उभे करतात. ही शिक्षा नाही, शांतता राखण्याचा बंधपत्रावरचा उपाय आहे. पण मार खाणाऱ्यालाही तारखा पडतात, तेव्हा त्याला हा अन्याय वाटतो आणि ते समजण्यासारखे आहे.

पोलीस पाटलाला सांगितले, ते पुरेसे आहे का?

नाही. महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियम, १९६७ प्रमाणे गावातल्या घटनांची माहिती ठाण्याला देणे हे पोलीस पाटलाचे काम आहे. एफआयआर नोंदवण्याचा अधिकार त्याला नाही. तंटामुक्त समितीचेही तेच. आपसात मिटण्याजोगे वाद तिथे मिटतात आणि मिटावेतही. पण बलात्कार किंवा लहान मुलांवरचा अत्याचार गावबैठकीत ‘मिटवणे’ बेकायदा आहे.

गाडी पुसदला गेली, तक्रार अनसिंगला चालेल?

चालेल. पुसद यवतमाळ जिल्ह्यात आणि अनसिंग वाशिममध्ये, म्हणून ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर आता कायद्यात बसत नाही. गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असे कलम १७३ स्पष्ट म्हणते. त्याला शून्य क्रमांकाचा एफआयआर म्हणतात. पुढे तो संबंधित ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन माध्यमातूनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते.

ऑनलाइन फसवणुकीत आधी १९३० वर फोन करावा, ठाण्यात नंतर जावे. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवायचे असतात आणि तिथे तासांचा हिशेब असतो. माणूस हरवला असेल तर ‘चोवीस तास थांबा’ असा कोणताही नियम नाही.

ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर?

दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की नोंद बंधनकारक, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ‘ललिताकुमारी’ निकालात सांगितले. नव्या कायद्याने त्यात एक फट ठेवली आहे. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. म्हणून ‘चौकशी चालू आहे’ असे उत्तर मिळाले तर कोणत्या तारखेची परवानगी, हे विचारावे. पंधराव्या दिवशीही चौकशीच चालू असेल तर ती कायद्यातली चौकशी उरत नाही.

नकार मिळाला तर तक्रारीचा मजकूर पोलीस अधीक्षकांना लेखी, टपालाने पाठवायचा. रजिस्टर पोस्टाची पावती जपायची. तरीही काही झाले नाही तर शपथपत्रासह दंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. अधीक्षकांकडे न जाता थेट न्यायालयात गेल्यास अर्ज तिथेच अडू शकतो.

पोलिसांनी फोन करून बोलावले, जावेच लागते?

फोन म्हणजे नोटीस नव्हे. साक्षीदाराला लेखी आदेशाने बोलवायचे असते. त्यातही १५ वर्षांखालील मुले, ६० वर्षांवरचे पुरुष, सर्व वयाच्या महिला, अपंग आणि गंभीर आजारी माणसे यांना राहत्या जागेखेरीज कुठेही हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. आधी पुरुषांसाठी ही मर्यादा ६५ होती. तपासात दिलेल्या जबाबावर सही घ्यायची नसते, हेही अनेकांना माहीत नसते. सही फक्त फिर्यादीवर.

संशयिताला कलम ३५ (३) ची नोटीस आली म्हणजे अटक झाली असे नाही, उलट अटक टाळण्यासाठीच ती असते. ती घेऊन हजर राहिले तर लेखी कारणाशिवाय अटक करता येत नाही. ही नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पोलिसांची नोटीस’ आली, किंवा व्हिडीओ कॉलवर खाकी वर्दीतला माणूस ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगू लागला, तर फोन ठेवून द्यावा. अशी अटक कायद्यात नाही.

खरी अटक झाली तर कारण सांगणे, नातेवाइकाला कळवणे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेणे बंधनकारक आहे. महिलेला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करायची तर अपवादात्मक परिस्थिती, महिला अधिकारी आणि दंडाधिकाऱ्याची आगाऊ परवानगी या तिन्ही गोष्टी लागतात.

तपासाचे काय झाले, हे कुणाला विचारायचे?

आतापर्यंत हा प्रश्न विचारणाऱ्याला ‘साहेब बंदोबस्तात आहेत’ हे उत्तर मिळायचे, आणि ते बरेचदा खरेही असते. एकाच अंमलदाराकडे अनेक गावांचे बीट, त्यात न्यायालयाची तारीख, शवविच्छेदन, सणांचा बंदोबस्त. पण कलम १९३ ने आता ९० दिवसांच्या आत तपासाची प्रगती फिर्यादीला किंवा पीडिताला कळवण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली आहे. मोबाइलवरूनही कळवता येते. नव्वदी उलटली की हे कलम लिहून अर्ज द्यावा. अर्जाचा खरा उपयोग इथे आहे.

चोर सापडला नाही तर पोलीस न्यायालयात समरी पाठवतात. ‘अ’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. ‘ब’ म्हणजे तक्रार खोटी आणि हेतूने केलेली. ‘क’ म्हणजे गैरसमजातून झालेली किंवा दिवाणी स्वरूपाची. वाहनाच्या विम्यासाठी बहुधा ‘अ’ समरीच मागितली जाते, त्यामुळे नुसत्या एफआयआरवर दावा अडतो. समरी मान्य करण्याआधी न्यायालय फिर्यादीला नोटीस काढते. ती नोटीस पाहून घाबरून घरी बसू नये. हरकत असेल तर ती नोंदवण्याची हीच वेळ असते.

मोटारसायकल सापडली, मग मिळत का नाही?

जप्त केलेली गाडी न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस सहसा देत नाहीत. आरसी बुक, विमा आणि ओळखपत्र घेऊन सुपूर्दनाम्यासाठी अर्ज करावा लागतो. जप्त माल वर्षानुवर्षे ठाण्यात गंजत ठेवू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते. आता कलम ४९७ ने मुदतही घातली आहे. माल न्यायालयापुढे आल्यापासून १४ दिवसांत त्याचे वर्णन तयार करायचे, फोटो किंवा चित्रीकरण करायचे, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. पुढे खटल्यात वस्तूऐवजी हे फोटो पुरावा म्हणून चालतात. मात्र गाडी सापडल्याचे कळताच अर्ज मालकानेच करायचा असतो. पोलीस तो करून देत नाहीत. अर्जात गुन्हा क्रमांक, चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक लागतो. पहिल्या दिवशी मिळालेली एफआयआरची प्रत इथे पुन्हा काढावी लागते.