मिठाचा जमाखर्च

खाल्ल्या मिठाला जागावे, असे लहानपणापासून ऐकत आलो. पण शाळा-शिकवण्यांतून त्याच मिठाबद्दल जी थाप राजरोस पसरवली जाते, तिच्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणून तो मी काढतो. मी कॉमर्सचा माणूस, बँकेतला कारकून. रसायनशास्त्राशी माझा संबंध शाई आणि डिंक एवढाच.

परवा आमची कन्या घोकत होती, "सोडियम आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देतो. दोघांचं अष्टक पूर्ण होतं आणि दोघं सुखी होतात."

"पण देतो कशाला गं?"

"मीपण विचारलं होतं, बाबा. सर म्हणले, अष्टकासाठी, खाली बस. आता मी नाही विचारत."

हे शेवटचे वाक्य मला लागले. शिवाय काउंटरवर उभा जन्म गेला, आनंदाने देणारा अजून कोणी भेटलेला नाही. थोरल्याच्या बी.एस्सी.च्या पुस्तकातून हिशेबच काढला. एक मोल मीठ, म्हणजे साधारण साडेअठ्ठावन्न ग्रॅम; आकडे किलोज्यूलमध्ये.

नावे बाजू: सोडियमचे अणू सुटे करायला १०७, क्लोरीनची जोडी फोडायला १२१ आणि सोडियमचा इलेक्ट्रॉन काढायला तब्बल ४९६! हे दान नव्हे महाराज, ही जप्ती आहे. एकूण ७२४. जमेला काय, तर क्लोरीन इलेक्ट्रॉन घेताना सुटणारे ३४९. धंदा ३७५ ने बुडीत! असल्या प्रकरणाला कोणता मॅनेजर कर्ज देईल? पण पुढे धन आणि ऋण आयन स्फटिकात शेजारी-शेजारी रचले गेले की आणखी ७८७ सुटतात. सारा नफा तिथे. शिल्लक ४१२, प्रयोगात मोजले तर ४११. एकाचा फरक आकडे पूर्णांकात धरल्याचा. पण एवढ्यासाठी कारकुनाला रात्री नऊपर्यंत बसावे लागते.

ही खतावणी १९१९ साली बॉर्न आणि हाबर या जर्मनांनी मांडली. १९१६ साली आयनिक बंधाची उपपत्ती मांडणारा कोसेलही जर्मनच. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असे छातीठोक सांगणाऱ्या आमच्या गावात तरी सोडियमचा कर्ण करू नये!

दुसरी थाप लग्नाची. फळ्यावर एक सोडियम, एक क्लोरीन, मध्ये बाण. प्रत्यक्षात स्फटिकात प्रत्येक सोडियमभोवती सहा क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती सहा सोडियम. कोणाची गाठ कोणाशी मारणार? ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ साली क्ष-किरणांनी हे उघड केले. तरी १९२७ साली आर्मस्ट्राँग हे इंग्लंडातले बुजुर्ग रसायनशास्त्रज्ञ या बुद्धिबळाच्या पटावर 'नेचर'मधून तुटून पडलेच. चुकले, पण वाद तरी घातला, 'खाली बस' म्हणाले नाहीत.

तिसरी थाप: आयनिक ते पाण्यात विरघळते, सहसंयुज विरघळत नाही. मग कापसावर फवारायला शेतकरी युरिया कशात कालवतो? युरियाच्या रेणूत सगळी सहसंयुज भागीदारी, तरी विरघळतो. उलट, बोअरचे जड पाणी उकळून पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर बघा. ते कॅल्शियम कार्बोनेट. कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यात आयनिक बंध, कार्बोनेटच्या पोटात कार्बन-ऑक्सिजनचा सहसंयुज. दोन्ही एकाच घरात नांदतात आणि घासून घासून हात दुखले तरी विरघळायचे नाव नाही. भागीदारीही समसमान कुठे असते? पाण्याच्या रेणूत हायड्रोजन दोन, पण तिजोरीची किल्ली ऑक्सिजनकडे.

"मुलांना सोपं करून सांगावं लागतं हो," असे मास्तरलोक म्हणतात. सोपे सांगा, खोटे कशाला? जमा-नावे तर किराणा दुकानदाराचे पोरही समजते.

कन्येने चाचणीत 'सोडियम देत नाही, काढून घ्यावा लागतो. फायदा स्फटिकात' असे लिहिले. लाल फुली आली, एक मार्क बुडीत खाती गेला. पण संध्याकाळी ती माझ्यापुढे उभी.

"बाबा, मग युरिया विरघळतो कशामुळं?"

मला उत्तर येत नव्हते. पण 'खाली बस' म्हणालो नाही.