अंतर खरोखर किती?

‘विमानाने जग जवळ आणले’ हे वाक्य इतक्या वेळा कानी पडते, की ते तपासून पाहावे असे कुणास वाटत नाही. पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून लंडनपर्यंत दोरा ताणून मोजले, तर अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर भरते. विमान ते नऊ-दहा तासांत तोडते. रात्री मुंबईत जेवून निघालेला मनुष्य सकाळची न्याहारी लंडनला घेतो, यात आता नवल उरलेले नाही. परंतु एवढ्यावरून अंतराचा पराभव झाला असे समजणे घाईचे होईल.

पूर्वी मुंबईहून इंग्लंडला जाणाऱ्या जहाजांना आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालावा लागे. तो मार्ग जवळजवळ २०,००० किलोमीटरांचा. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला आणि तीच वाट ११,६०० किलोमीटरांच्या आसपास आली. मुंबई जागची हलली नव्हती, लंडनही हलले नव्हते. मधली जमीन तेवढी माणसांनी खणली होती. पुढे १९६७ मध्ये अरब राष्ट्रे व इस्राएल यांच्यात युद्ध पेटले आणि कालवा बंद पडला, तो १९७५ पर्यंत. त्या आठ वर्षांत आगबोटींना पुन्हा पणजोबांच्या काळातील वळसा घालावा लागला. फावड्यांनी जे अंतर कमी केले, ते तोफांनी परत आणले!

आकाशात कालवे नसतात. तेथे तरी मार्ग मोकळा असेल, असे वाटते. वाऱ्याची अडचण असते, पण ती थोडी. पश्चिमेकडून वाहणाऱ्या उंचावरील वाऱ्यांमुळे लंडनहून परतणारे विमान जाणाऱ्या विमानापेक्षा लवकर पोचते, इतकेच. माणसाने घातलेली अडचण याहून कितीतरी मोठी असते. देशाची सीमा जमिनीवर असते, तशी ती वरच्या आकाशालाही असते. यंत्रे अंतर कमी करतात खरी. ते कमी राहणे मात्र राष्ट्राराष्ट्रांतील सलोख्यावर अवलंबून असते.

फिनलंडची राजधानी हेलसिंकी व जपानची राजधानी टोकियो यांमधील सरळ मार्ग रशियावरून जातो. सुमारे ७,८०० किलोमीटरांचा हा प्रवास साडेनऊ तासांच्या आसपास होत असे. २०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली. युरोपीय राष्ट्रांनी रशियाच्या विमानांना आणि रशियाने त्यांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले. मग फिनलंडच्या विमानांस उत्तर ध्रुवावरून किंवा दक्षिणेकडील देशांवरून जाणे भाग पडले आणि तोच प्रवास सुमारे तेरा तासांवर गेला. विमान तेच, वेग तोच. इंधन मात्र कितीतरी अधिक जळू लागले.

विशेष असे, की ही ध्रुवाची वाट नवी नव्हती. १९८३ मध्ये फिनलंडची विमाने सोव्हिएत प्रदेश टाळून याच वाटेने टोकियोला जाऊ लागली होती. चाळीस वर्षांनी ती पुन्हा तिकडेच वळली, आणि प्रवाशांना उत्तर ध्रुव ओलांडल्याबद्दल प्रमाणपत्रे देण्यात आली.