सेकंडहँड लॅपटॉप घेताय? आधी हा आकडा बघा

साताऱ्याहून सांगलीला इंजिनिअरिंगला जाणाऱ्या माझ्या भाचीने विचारलं, "मामा, वीस हजारांत जुना ऑफिस लॅपटॉप घेऊ का?" म्हटलं, घे, पण आकडा बघून.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. 'आय५-७२००यू' म्हणजे सातवी पिढी, 'आय५-८२५०यू' म्हणजे आठवी. बाहेरून लॅपटॉप सारखेच दिसतात. दुकानदार सातवीवरही विंडोज ११ टाकून देईल, पण अपडेट येत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही.

आठव्या पिढीचा थिंकपॅड टी४८० बघा. कीबोर्ड दणकट, रॅम वाढवता येते, मागची बॅटरी बदलता येते. असाइनमेंट, कोडिंग, ऑटोकॅडची टूडी ड्रॉइंग आरामात होतात.

तडजोडी? मोठी थ्रीडी मॉडेलं अडखळणार. कंपनीची वॉरंटी संपलेली. वजन तर एसटीत मांडीवर घेतलं की कळतंच.

पैसे देण्याआधी सेटिंग्जमधल्या 'अबाउट'मध्ये प्रोसेसरचं पूर्ण नाव वाचा, चार्जर काढून अर्धा तास चालवा. नुसतं "आय५ आहे" यावर घरच्यांचे पैसे घालू नका.